शेजारच्या आजींच्या चार बाटल्या आणि बाबांची एक

या वेळचं पत्र स्कॉटलंडहून आलंय, फाल्कर्कहून. लांबलचक आहे म्हणून थोडं कमी करून देते.

"ताई नमस्कार. मी मूळचा रत्नागिरीचा, नऊ वर्षं झाली इकडे आहे, आयटीत नोकरी. गेल्या वर्षी शेजारचे आजोबा वारले आणि आजींनी कपाट रिकामं करताना चार जुन्या न उघडलेल्या बाटल्या मला दिल्या. स्ट्रॅथकॉनन १२ वर्षं, ग्लेनलेव्हन १२ वर्षं, प्राइड ऑफ आयला १२ वर्षं आणि जॉनी वॉकर प्युअर माल्ट १५ वर्षं. ऑफिसमधला एक म्हणतो सोनं आहे, दुसरा म्हणतो सिंगल माल्ट नाही मग कोण विचारतंय. मला मात्र तेव्हापासून नाद लागला, आठ महिन्यांत अजून १९ बाटल्या घेतल्या आणि बायको आता खरंच वैतागलीय. परवा फेसबुकवर एकाने '१९६० च्या दशकातली प्युअर माल्ट' १८० पौंडांना टाकलीय, फोटो सोबत पाठवतोय, घेऊ का? शेवटचं म्हणजे माझे बाबा बोटीवर होते, १९९१ च्या मे महिन्यात मी पाचवीत असताना त्यांनी एक लिटरची ब्लॅक लेबल आणलेली, ती कधी उघडलीच नाही, रत्नागिरीच्या घरी ट्रंकेत पडून आहे. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. ती इकडे आणून विकावी का? ह्या सगळ्याला खरंच काही किंमत असते का?"

दादा, आधी ते १८० पौंड थांबवा, बाकीचं सगळं नंतर.

त्या फेसबुकवाल्या बाटलीचे फोटो मी मोठे करून करून बघितले. पुढच्या लेबलवर खाली डावीकडे ७० सीएल (सेंटिलिटर, म्हणजे ७०० एमएल) लिहिलंय, उजवीकडे ४०% व्हॉल लिहिलंय, आणि मागच्या लेबलच्या कोपऱ्यात तो छोटा 'यूके ड्यूटी पेड' वाला शिक्का दिसतोय, अर्धा अंगठ्याखाली गेलाय पण दिसतोय. आता बघा हं, ब्रिटनमध्ये विकायला भरलेल्या बाटलीवर टक्क्यांमध्ये अल्कोहोल लिहायला लागले ते १९८० पासून, त्याआधी डिग्री प्रूफ असायचं. ७० सीएलचं माप ब्रिटनमध्ये रुळलं ते १९९० नंतरच्या एकदोन वर्षांत, त्याआधी ७५ सीएल. आणि तो ड्यूटीचा शिक्का बाटलीवर यायला लागला २००६ मध्ये. म्हणजे ती बाटली साठच्या दशकातली सोडाच, २००६ च्या आधीचीसुद्धा नाही. आणि 'प्युअर माल्ट' हा शब्द स्कॉच व्हिस्कीच्या २००९ च्या नियमांनी बंद केला, जुनी लेबलं संपवायला २०११ पर्यंत मुदत दिलेली, म्हणजे त्यानंतरचीही नाही. २००६ ते २०११, एवढ्या पाचच वर्षांच्या खिडकीतली बाटली आहे ती. विकणारा लबाड आहे असं मी म्हणत नाही, कदाचित त्याला कोणीतरी तसं सांगितलं असेल आणि त्याने ते पुढे सांगितलं, पण तुमचे १८० पौंड दोन्हीकडून सारखेच गेले असते. शिवाय लायसन्स नसताना अशी दारू विकणं तिकडेही कायद्यात बसत नाही आणि फेसबुकच्या स्वतःच्या नियमांतही बसत नाही, त्यामुळे फसलात तर दाद मागणं अवघडच.

हे एवढं सविस्तर अशासाठी लिहिलं की ह्या छंदात पहिल्यांदा शिकायची गोष्ट हीच आहे, बाटली वाचायची कशी. चव नंतर, किंमत तर त्याच्याही नंतर.

आता तुमच्या चार घेऊ. स्ट्रॅथकॉननच्या फोटोत २६ २/३ फ्लुइड आउन्स आणि ७०° प्रूफ आहे. हे ७०° बघून लोक म्हणतात अरे बापरे सत्तर टक्के! तसं नाही, ते ब्रिटिश प्रूफ आहे, त्यात १००° म्हणजे ५७.१%, जुन्या काळी बंदुकीच्या दारूवर स्पिरिट ओतून काडी लावायचे आणि पेट घेतला तर ते प्रूफ, त्यावरून आलेलं माप. ७०° म्हणजे आपलं साधं ४०%. म्हणजे ही बाटली १९८० च्या आधीची, सत्तरच्या दशकातली धरायला हरकत नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी काही लेबलांवर आउन्सच्या शेजारी ७५.७ सीएल पण छापायला लागले होते, तुमच्यावर ते नाही, म्हणजे थोडी आधीचीच असणार. ग्लेनलेव्हनवर ७५ सीएल आणि ४०% व्हॉल आहे, म्हणजे ऐंशीचं दशक. प्राइड ऑफ आयलावरही ७५ सीएल, पण मागे बारकोड आहे, म्हणजे त्याच दशकात जरा उशिराची. आणि जॉनी वॉकर प्युअर माल्ट १५ तर सरळ आहे, ती १९९७ मध्ये आली आणि २००४ मध्ये तिचंच नाव ग्रीन लेबल झालं, म्हणजे त्या मधली. एक सांगून ठेवते, ७५० एमएल दिसलं की लगेच जुनी समजू नका, अमेरिकेत आणि आपल्याकडे भारतात आजही ७५० एमएल चालतं. परदेशातून परत आलेल्या बाटल्या लिलावात खूप असतात. अमेरिकेतल्या बाटलीवर पुन्हा वापरायला आणि विकायला फेडरल कायद्याने बंदी आहे असं काचेतच उठवलेलं वाक्य असेल तर ती १९३५ ते १९६४ मधली काच, आणि मागे सरकारी इशारा छापलेला असेल तर १९८९ नंतरची. हे दोन लक्षात ठेवलं तरी बराच घोळ टळतो.

आता तुमच्या ऑफिसमधल्या दुसऱ्या माणसाचं, "सिंगल माल्ट नाही मग कोण विचारतंय". हे वाक्य मी गेली कितीतरी वर्षं ऐकतेय आणि दर वेळी मला वाईट वाटतं, कारण ते अर्धवट माहितीवर उभं आहे.

सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, म्हणजे व्हिस्की गाळायच्या कारखान्यात, मोड आणलेल्या बार्लीपासून काढलेली. ब्लेंडेड माल्ट म्हणजे दोन किंवा जास्त डिस्टिलरींच्या सिंगल माल्ट एकत्र केलेल्या, तुमच्या चारही ह्याच, त्यात ग्रेन व्हिस्कीचा, म्हणजे मका-गव्हासारख्या धान्याच्या व्हिस्कीचा, थेंब नाही. ब्लेंडेड स्कॉच म्हणजे माल्ट अधिक ग्रेन, जशी तुमच्या बाबांची ब्लॅक लेबल. दोन्ही नावांत 'ब्लेंडेड' आल्यामुळे लोक एकाच टोपलीत टाकतात, आणि हा गोंधळ २००९ च्या नियमांनीच करून ठेवलाय असं माझं स्पष्ट मत आहे. आधी ह्याला 'प्युअर माल्ट' किंवा 'व्हॅटेड माल्ट' म्हणायचे, व्हॅटेड किती साधा सरळ शब्द, व्हॅटमध्ये, म्हणजे मोठ्या पिंपात, एकत्र केलेलं माल्ट. तो शब्द काढून टाकला. कंपास बॉक्स ह्या व्हिस्की कंपनीने २०११ मध्ये मुदत संपता संपता शेवटची व्हॅटेड माल्ट म्हणून एक बाटली मुद्दाम काढली होती, एवढं लोकांना लागलं ते.

आणि गंमत बघा, इतिहासात हीच आधी आली. १८५३ मध्ये एडिनबराच्या अँड्र्यू अशरने 'ओल्ड व्हॅटेड ग्लेनलिव्हेट' काढली, माल्ट आणि ग्रेन एकत्र करून बाँडमध्ये (ड्यूटी भरायच्या आधी माल ठेवतात त्या गोदामात) ब्लेंड करायची परवानगी कायद्याने मिळाली ती १८६० मध्ये. एडिनबराला गेलात की अशर हॉल बघता ना तुम्ही, त्या हॉलसाठी पैसे देणारा अशर म्हणजे ह्याच घराण्यातला, व्हिस्कीच्या पैशावर उभा राहिलेला हॉल आहे तो.

मग ह्या प्रकाराची पत गेली कशी? एक कारण म्हणजे सिंगल माल्टवर डिस्टिलरीचं नाव असतं, गाव असतं, नदी असते, गोष्ट सांगता येते. व्हॅटेडमध्ये आत कोण कोण आहे ते बहुतेक वेळा सांगतच नाहीत. दुसरं म्हणजे कार्डूचं प्रकरण. २००३ च्या सुमारास स्पेनमध्ये कार्डू सिंगल माल्ट इतकी खपायला लागली की माल पुरेना, तेव्हा कार्डूची मालक कंपनी डिआजिओने तीच बाटली, जवळपास तेच लेबल ठेवून आत दुसऱ्या डिस्टिलरीचं माल्ट मिसळलं आणि 'सिंगल'च्या जागी 'प्युअर' छापलं. बाकीच्या डिस्टिलरीवाल्यांनी एवढा आरडाओरडा केला की २००४ मध्ये मागे घ्यावं लागलं. पण 'प्युअर माल्ट' शब्दाचं नाव खराब झालं ते झालंच, आणि मग २००९ मध्ये नियम आले.

पण पिणाऱ्याच्या बाजूने विचार करा. तुमची स्ट्रॅथकॉनन सत्तरच्या दशकात १२ वर्षांची म्हणून भरली, आणि वय नेहमी आतल्या सगळ्यात लहान व्हिस्कीचं लिहितात, म्हणजे त्यातला थेंबन्‌थेंब साठच्या दशकाच्या मध्यावर किंवा त्याआधी गाळलेला. तेवढ्याच जुन्या सिंगल माल्टला लोक किती पैसे मोजतात ते बघा आणि मग ही बघा. जेम्स ब्युकॅनन कंपनीची आहे ही, ग्लेनलेव्हन जॉन हेगची, जॉनी वॉकर तर जॉनी वॉकरच, आणि ह्या तिन्ही कंपन्या डीसीएल (डिस्टिलर्स कंपनी लिमिटेड) ह्या एकाच मोठ्या घरातल्या, १९८६ मध्ये गिनेसने ते घर घेतलं आणि पुढे १९९७ मध्ये डिआजिओ झालं. म्हणजे तुमच्या चारपैकी तीन बाटल्या चुलत बहिणी आहेत! चौथी, प्राइड ऑफ आयला, ती एल्गिनच्या गॉर्डन अँड मॅकफेलची, १८९५ पासूनचं दुकान, एल्गिनला गेलात तर आत जाऊन याच.

इथे एक सावध करते. डीसीएलच्या जुन्या व्हॅटेड बाटल्या विकताना लोक हमखास कुजबुजतात की आत ब्रोरा आहे, पोर्ट एलन आहे. ह्या दोन्ही डिस्टिलरी १९८३ मध्ये बंद पडल्या आणि त्यामुळे त्यांचं माल्ट भयंकर महाग झालं, आता दोन्ही पुन्हा सुरू झाल्यात ते वेगळं. असेलही आत, नसेलही, पण लेबलवर लिहिलेलं नाही त्याचे पैसे द्यायचे नाहीत. मी हे फार कडक पाळते.

आता किंमत. स्पष्टच सांगते, सोनं नाहीये. तुमच्या चारही बाटल्यांपैकी प्रत्येकी साधारण शंभर पौंडांच्या आसपास किंवा त्याखाली धरा, स्ट्रॅथकॉनन चांगल्या अवस्थेत असेल तर ती जरा वर, जॉनी वॉकर खाली कारण ती तुलनेने नवी आणि खूप बनलेली, शिवाय ग्रीन लेबल मध्ये काही वर्षं बंद होऊन २०१६ मध्ये परत आली त्यामुळे लोकांना त्याच नावाची ताजी बाटली दुकानात मिळते. लिलावाचे भाव २०२२ नंतर एकंदरीत उतरलेत, सिंगल माल्टचे पण उतरलेत, त्यामुळे तीन वर्षांपूर्वीचा आकडा कोणी दाखवला तर त्यावर जाऊ नका.

भाव काढायची माझी पद्धत सांगते. पर्थचं व्हिस्की ऑक्शनियर किंवा ग्लासगोचं स्कॉच व्हिस्की ऑक्शन्स, तिथे जुन्या लिलावांचे निकाल बघता येतात. तुमची तीच बाटली, तेच माप, तीच प्रूफ, तेच लेबल शोधा, गेल्या दीड-दोन वर्षांतले पाचसहा निकाल लिहून काढा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा खोडा, उरलेल्यांच्या मधला आकडा घ्या. दुकानाच्या वेबसाइटवर टांगलेली किंमत धरायची नाही, ती मागितलेली किंमत, कोणी दिलेली नाही. मग त्या आकड्यातून तुम्ही विकत असाल तर कमिशन वजा करा, आणि घेत असाल तर वर साधारण दहा-बारा टक्के प्रीमियम (लिलाववाल्यांचा आकार), त्या प्रीमियमवर व्हॅट हा कर आणि पाठवणीचा खर्च मिळवा. नवीन माणूस हा हिशोब करतच नाही आणि ८० पौंडांची बाटली ११० ला पडली की मग डोक्याला हात लावतो.

आणि अवस्था. व्हिस्की बाटलीत म्हातारी होत नाही, १२ वर्षांची पन्नास वर्षं कपाटात राहिली तरी १२ वर्षांचीच, पण हळूहळू उडते मात्र. म्हणून पातळी बघायची. बाटली सपाट टेबलावर उभी करा, मागे पांढरा कागद धरा, डोळे पातळीच्या समोर आणा. मानेत असेल तर उत्तम. मान संपून खांदा सुरू होतो तिथे असेल तर जुन्या बाटलीला ठीक. खांद्याच्या मध्यावर आली की भाव पडायला लागतो आणि खांद्याच्या खाली गेली की घेणारा विचार करतो की आत अल्कोहोल तरी किती उरलंय. तुमच्या फोटोत ग्लेनलेव्हन खांद्याच्या वरच्या बाजूला दिसतेय, तिच्यावर लक्ष ठेवा. पातळीच्या रेषेला एक बारीक कागदी टेप लावा, तारीख लिहा, लेबलवर नाही हं, काचेवर, आणि सहा महिन्यांनी बघा. मी सुरुवातीला एक साठच्या दशकातली स्प्रिंग कॅपवाली बाटली घेतली होती, पातळी सुंदर होती, विकणाऱ्याने ती आडवी पॅक करून पाठवली आणि चार दिवस प्रवासात तशीच. घरी आली तेव्हा खोक्याचा तळ ओला आणि बाटली खांद्याखाली. त्या खोक्याचा वास अजून आठवतो, मध आणि ओला पुठ्ठा. तेव्हापासून समोरच्याला आधी लेखी विचारते, उभी पाठवणार का, आणि झाकणाला पॅराफिल्म (ताणून चिकटणारी मेणासारखी पट्टी) गुंडाळणार का. वाइनसारखी आडवी कधीच ठेवायची नाही, चाळीस टक्क्यांचं स्पिरिट बुचाला खाऊन टाकतं. उभी, अंधारात, रेडिएटरपासून लांब. तुमच्या फोटोत त्या चारही बाटल्या खिडकीत मांडल्यात, छान दिसतायत पण आजच आत घ्या, उन्हाने लेबल उडतं आणि आतला रंगही.

खोट्या मालाचं थोडं. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सेंट मॉरिट्झच्या एका हॉटेलात एका चिनी पाहुण्याने १८७८ ची म्हणून मॅकॅलन सिंगल माल्टच्या एका पेगला जवळजवळ दहा हजार फ्रँक दिले, नंतर लोकांना बुचावरून आणि लेबलवरून शंका आली, स्कॉटलंडमध्ये तपासणी झाली तर निघाली १९७० च्या सुमाराची, आणि सिंगल माल्टसुद्धा नाही, माल्ट आणि ग्रेन मिसळलेली ब्लेंडेड! हे कळतं कसं तर पन्नास-साठच्या दशकात अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४ वाढलं, ते बार्लीत गेलं, बार्लीतून व्हिस्कीत, त्यामुळे त्याआधीची आणि नंतरची व्हिस्की प्रयोगशाळेत वेगळी ओळखता येते. पुढच्या वर्षी तुमच्याकडच्याच ईस्ट किलब्राइडच्या प्रयोगशाळेत ५५ दुर्मिळ बाटल्या तपासल्या, त्यातल्या २१ खोट्या किंवा सांगितलेल्या वर्षी न गाळलेल्या निघाल्या. आता शंभर पौंडांच्या व्हॅटेड माल्टची कोणी नक्कल करत बसत नाही, त्यात फायदा काय, आणि ह्या प्रकाराचं हे एक मोठं सुख आहे. पण रिकामी जुनी बाटली पुन्हा भरून विकणं होतं, म्हणून झाकणाचं सील आणि पातळी दोन्ही बघायचं, आणि तुम्ही स्वतः एखादी संपवलीत की टाकताना लेबलवर मार्करने मोठी फुली मारा.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे बाटली आली कुठून ते. आजींकडे जा एकदा चहाला, आणि विचारा आजोबांनी ह्या कुठे घेतल्या, कोणी दिल्या, रिटायर होताना मिळाल्या का, नाताळला आल्या का, आणि त्यांना चार ओळी लिहून सही करून द्यायला सांगा. आणि हेही सांगा त्यांना की चारही मिळून दोन-तीनशे पौंडांपर्यंत जाऊ शकतात. त्यांनी कपाट रिकामं करताना दिल्या, तेव्हा त्यांना हे माहीत नव्हतं. त्या बहुतेक राहू दे म्हणतील, पण न सांगता विकणं मला पटत नाही.

आता त्या १९ बाटल्या आणि घरातला वैताग. तुम्ही यादी पाठवलीत ती मी दोनदा वाचली, १९ पैकी ११ तुम्ही "भाव वाढेल" म्हणून घेतल्यात असं स्वतःच लिहिलंय. तिथे चुकतंय. ब्लेंडेड माल्ट हा गुंतवणुकीचा माल नाही, दादा. भाव फार वाढत नाही म्हणूनच तर तो आपल्यासारख्याला परवडतो, साठच्या दशकात गाळलेलं माल्ट पगारदार माणसाने प्यावं अशी ही शेवटची जागा उरलीय. विकायला ठेवलेल्या बाटलीवर कमिशन जाणार, पातळी उतरणार, आणि घरात जागा अडणार ती वेगळीच. माझं म्हणणं असं की त्या अकरा हळूहळू लिलावात सोडा, एकदम सगळ्या नको, एकाच जातीच्या दोन बाटल्या एकाच महिन्यात टाकल्या तर त्या एकमेकींचा भाव पाडतात. आलेल्या पैशात वर्षाला दोन, फार तर तीन, आणि घेताना ठरवायचं की ही कधी उघडणार आणि कोणाबरोबर. एक वही करा, बाटली, तारीख, किती पडली, कोणाकडून, आणि ती वही वहिनींच्या हातात द्या. लपवाछपवी राहिली नाही की निम्मा वैताग तिथेच कमी होतो, मी बऱ्याच घरांत बघितलंय. आणि आजींच्या चारपैकी प्राइड ऑफ आयला आधी उघडा, अशी धुराच्या वासाची व्हिस्की जुन्या बाटलीत मऊ होते, वहिनींनाही वास घ्यायला द्या, न पिणाऱ्यालाही तो वास आवडतो कधीकधी. उघडताना घाई नको, जुन्या बाटलीच्या मानेवरचं वेष्टन शिशाचं असू शकतं, ते पूर्ण सोलून काढा, मान ओल्या फडक्याने पुसा, मगच ओता. बूच असेल तर सरळ वर ओढू नका, गोल फिरवत सोडवा, तुटलंच तर कॉफी फिल्टरमधून गाळा, चहाच्या गाळणीतून भुगा खाली जातो. पहिला वास पत्र्याचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा येईल, घाबरू नका, वीस मिनिटं ग्लासात तशीच राहू द्या.

आणि आता बाबांची बाटली.

ती आणता येते का, तर येते. ब्रिटनमध्ये येताना एका माणसाला चार लिटरपर्यंत स्पिरिट आणायला परवानगी आहे आणि चेक-इन सामानात सीलबंद बाटली चालते. महाराष्ट्रात मात्र ती कोणाला विकायचा विचारसुद्धा करू नका, आपल्याकडे लायसन्सशिवाय विक्री हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली सरळ गुन्हा आहे. पण दादा, आणून विकलीत तर मिळणार किती? नव्वदीतली एक लिटरची ब्लॅक लेबल जगात लाखोंनी बनली, बोटीवरच्या प्रत्येक माणसाने एक घरी आणली, मुंबई-गोव्यापासून रत्नागिरीपर्यंत शोकेसमध्ये ती असायचीच. पातळी चांगली असली तरी तीस-चाळीस पौंड, आणि ट्रंकेत ३० वर्षांहून जास्त आडवी पडलेली असेल तर तेवढेही नाहीत. लेबलवर बघा, किल्मार्नॉक हे गाव लिहिलेलं असेल. जॉन वॉकरने १८२० मध्ये जिथे किराणा दुकान काढलं ते गाव, तुम्ही राहता तिथून गाडीने तासाभराच्या आसपास. तिथला कारखाना २०१२ मध्ये बंद झाला. तुमच्या बाबांनी समुद्रावरून जी बाटली घरी नेली ती तुमच्या आत्ताच्या घराच्या इतक्या जवळच्या गावाचं नाव घेऊन गेली होती, हे मला पत्र वाचताना एकदम जाणवलं आणि थोडा वेळ मी पुढे लिहूच शकले नाही.

ती विकू नका. तिकडे नेऊही नका असं मी म्हणेन. मे महिन्यात रत्नागिरीला जाल तेव्हा बाबांबरोबर बोटीवर असलेले कोणी काका अजून असतील तर त्यांना बोलवा, आईला आधी विचारा, वाइन शॉपमधून एक दिवसाचे परवाने घ्या म्हणजे कायद्याचंही नीट राहील, आणि उघडा. आतली व्हिस्की थोडी उडालेली असेल, पाणी घालू नका. बाबांनी ती का उघडली नाही हे त्या काकांना माहीत असण्याची शक्यता आहे, बोटीवरची माणसं एकमेकांना सांगतात असल्या गोष्टी.

पण मे अजून लांब आहे, म्हणून आज रात्रीच आईंना फोन करा आणि ट्रंकेतून बाटली काढून उभी ठेवायला सांगा, कपाटात, देवघराच्या बाजूला नको म्हणतील तर साड्यांच्या खालच्या कप्प्यात, आणि खाली वर्तमानपत्राची घडी घालायला सांगा. दोन दिवसांनी घडी ओली दिसली तर झाकण गळतंय, मला लगेच कळवा.